यंदा 'तो' लेख मिळणार नाही
(दिवाळी अंकांच्या संपादकांना खुलं पत्र)

सन्माननीय संपादक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

हापूस संपून बाजारात नीलम आला की तुमचे फोन सुरू होतात. पाऊस अजून वेशीबाहेर असतो, तुमची दिवाळी मात्र आलेली असते.

"ताई, यंदाही तुमचा एक लेख धरलाय हं. तो तुमचा नेहमीचा बाज. घर, मुलगी, लेखन, सगळी धावपळ. जरा खुसखुशीत. पंधराशे शब्द पुरेत. युनिकोडमध्ये पाठवा, सोबत फोटो आणि चार ओळींचा परिचय."

यंदा असे पाच फोन झाले. पाचही जणांना मी "बघते, कळवते" म्हणाले. 'बघते, कळवते'चा मराठीत काय अर्थ होतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मानधनाचं विचारलं की तुम्हीही तेच म्हणता. पण गेली अकरा वर्षं मी 'बघते' म्हणून जुलैअखेर लेख पाठवत आले, त्यामुळे अनुक्रमणिकेत माझी जागा तुम्ही धरूनही ठेवली असेल. पाच जणांना पाच थापा मारण्यापेक्षा एकदाच उघड सांगते. यंदा तो लेख मिळणार नाही.

रुसून लिहीत नाहीये. हे लेख माझ्याकडून कुणी जबरदस्तीनं लिहून घेतले असंही नाही. मला ते लिहायला आवडतात. कादंबरीत मी चार-चार वर्षं एकटी असते, पात्रं सोडली तर बोलायला कुणी नाही. लेख तीन रात्रींत होतो, दिवाळीत छापून येतो आणि भाऊबीजेपर्यंत वाचकांचे फोन येतात. शिवाय खोटं कशाला बोलू, माझ्या तिन्ही कादंबऱ्या मिळून जेवढ्यांनी वाचल्या असतील त्याच्या कितीतरी पट लोकांनी माझा एकटा डब्यावरचा लेख वाचलाय. दुसऱ्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे प्रकाशकांकडे अजून सुतळीत आहेत. डब्याचा लेख मात्र माझं नाव गाळून व्हॉट्सॲपवर फिरला. फिरत फिरत सासूबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला आणि त्यांनी तो मलाच पाठवला. "वाच गं, किती छान लिहिलंय. तुला पण असं सुचायला हवं." खाली 'लेखक : अज्ञात' असं होतं.

तर नकार का, ते एका लेखावरून सांगते.

चार वर्षांपूर्वी एका अंकानं (नाव घेत नाही, फराळ त्यांच्याकडूनही येतो) 'आई आणि लेखिका' असा विषय दिला होता. मी मुलीच्या एका तापाबद्दल लिहिलं. तापाच्या वेळी ती सहा वर्षांची होती. रात्रीचे दोन, ताप १०३. डॉक्टरांशी फोनवर बोलून झालं होतं, औषध पोटात गेलं होतं, आता उतरायची वाट बघायची एवढंच. पहिला पहारा नवऱ्यानं केला होता, दुसरा माझा. वाडग्यात पाणी, जुन्या धोतराच्या पट्ट्या. ठेवायची, वाळली की बदलायची. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की पट्टी कडेनं आधी वाळते. मधे ओला डाग उरतो, तो आकसत आकसत बोटभर होतो आणि मग नाहीसा होतो. आणि मला माझ्या कादंबरीतल्या गोदाक्काचा आजारी मुलगा दिसला.

प्लेगच्या वर्षातली, गोदाकाठची कादंबरी होती ती. प्रकरण दीड वर्ष अडून बसलं होतं. प्लेग म्हटलं की मी मेलेले उंदीर, काखेतल्या गाठी, गावाबाहेरच्या झोपड्या असं सगळं ग्रंथालयातून आणलेलं लिहीत होते आणि ते कागदावर मरून पडत होतं. पट्टी मला सापडली नव्हती. मी हळूच उठले, स्वयंपाकघरातून दुधाच्या हिशेबाची वही आणली आणि मोबाइलच्या उजेडात ते टिपून घ्यायला लागले. तेवढ्यात मुलगी कण्हली. मी वाक्य पुरं केलं आणि मग तिच्याकडे वळले.

सात-आठ सेकंद असतील. ते सेकंद मी लेखात लिहिले होते. त्यांची लाज वाटली तेही लिहिलं, आणि प्रकरण सुटल्याचा आनंद त्या लाजेहून मोठा होता, तेही.

अंक हातात आला तेव्हा तो परिच्छेद नव्हता. त्याच्या जागी होतं, "त्या रात्री आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही." हे वाक्य माझं नव्हे. लेखाचं नाव 'तारेवरची कसरत' झालं होतं. आणि वर चित्र होतं आठ हातांच्या बाईचं. एका हातात लाटणं, एकात लेखणी, मग दुधाची बाटली, लॅपटॉप, झाडू, भाजीची पिशवी, शाळेचं दप्तर. आठव्या हातात काय द्यावं ते चित्रकाराला सुचलं नसावं, तो नुसताच आशीर्वाद देत होता. मुलीनं चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "आई, हिला ब्लाउज कोण शिवून देतं?"

मी संपादकांना फोन केला. भला माणूस. म्हणाले, "ताई, आई अशी वाचकांना चालत नाही हो. अंक फराळाच्या ताटाशेजारी असतो." त्यांची अडचण मला कळली. पण ती सात-आठ सेकंदं काढून घेतल्यावर जे उरलं ते माझ्याकडून कशाला लिहून घ्यायचं? तापाशेजारी जागणारी आई गल्लीत घरटी एक आहे, आणि त्यातली एकही उठून वही आणायला गेलेली नाही. त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं असतं तर लेख जास्त खरा झाला असता.

आता थोडं घराण्याबद्दल. का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला १९०९ साली, तिथपासून तुमचं घराणं. आमचं, म्हणजे घरातलं लिहिणाऱ्या बायकांचं घराणंही काही कालचं नाही. आणि ते गोडगोड तर मुळीच नाही. आमच्या नाशिकच्या मातीतल्या लक्ष्मीबाई टिळकच घ्या. मुलाला, देवदत्तांना, रेव्हरंड टिळकांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईकडे वडिलांच्या आठवणी मागितल्या. आई लिहायला बसली आणि झालं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागानं लोकांसमोर आलं. त्यात नवऱ्याचा संताप आहे, भांडणं आहेत, हातातलं सगळं दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा माणूस घरात असला की चुलीचं काय होतं ते आहे. माहेरी, बाईंच्या वडिलांचं मीठसुद्धा धुऊन घेणारं सोवळं आहे. आणि हे सगळं सांगताना बाई स्वतःवरच हसतायत. मागितलं एक आणि मिळालं दुसरं, तरी मुलानं "आई, हे चालत नाही" म्हटलं नाही; उलट शेवटी जे अपुरं राहिलं ते त्यांनीच पुरं केलं. संपादक असावा तर असा.

दुसऱ्या इरावती कर्वे. 'परिपूर्ती' हा त्यांचा लेख तुम्ही सगळ्यांनी वाचलाय, कारण आईपणावरच्या प्रत्येक परिसंवादात कुणी ना कुणी त्याचा शेवट सांगतंच. सभेत त्यांची ओळख थोर सासऱ्यांची सून, विद्वान नवऱ्याची बायको अशी करून दिली जाते, आणि काहीतरी राहिलं अशी चुटपुट त्यांना लागते. मग रस्त्यात शाळकरी पोरं एकमेकांना सांगतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पुरी होते. व्यासपीठावर हा शेवट गहिवरून सांगतात. मला तो कधीच गहिवराचा वाटला नाही. त्यात बाईंचं मिश्किल हसू आहे, आणि ते आधीच्या अर्ध्या भागाकडे, त्या सभेकडे बघून आहे. मानवशास्त्रातली एवढी मोठी बाई, आणि ओळख करून देणाऱ्याला सासरा-नवरा यांच्यापलीकडे काही सुचू नये! तुम्ही शेवट उचललात आणि सभा तशीच चालू ठेवलीत. माझ्या परिचयाच्या चार ओळींत अजून पहिली ओळ 'गृहिणीपद सांभाळून' अशी असते. ती मी पाठवलेली नसते.

साहित्य संमेलनात लेखिकांचा परिसंवाद जेवणानंतर, दुपारी अडीचला का असतो, हे मी इथे काढत नाही. १८७८ सालापासून संमेलनं भरतायत. दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्यापर्यंत अध्यक्षपदी बायका आल्या त्या कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. नावं पाठ व्हायला एक श्वास पुरतो. असो.

ज्या अंकात माझी कसरत छापली, त्याच अंकात माझ्याच पिढीतल्या एका कादंबरीकाराची मुलाखत होती. चांगला लेखक, मित्र आहे. त्याला दोन मुलं. त्याला विचारलेलं, 'तुमच्या कादंबरीतली काळाची संकल्पना.' काळाबद्दल मलाही पुष्कळ सांगण्यासारखं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कसा घालवतं त्याची. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांत बायकांची रोजची मिनिटं भरली २९९ आणि पुरुषांची ९७. फरक २०२ मिनिटांचा. आता माझा हिशेब. तेवढ्या वेळात, दिवस बरा असेल तर, माझे चारशे शब्द होतात. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी म्हणजे असे दोनशे दिवस. माझी शेवटची कादंबरी पाच वर्षं चालली. ही आमच्याकडची काळाची संकल्पना. मित्राला मी हे ऐकवलं तर तो म्हणाला, "अगं, मला विचारा ना, मीही मुलीची वेणी घालतो!" खरंच घालतो, पाचपेडी. तुम्ही त्याला कधी विचारलंच नाही. तो लेख सुंदर होईल. विचारून बघा.

मला कुणी काय विचारावं असं वाटतं, त्याचा एक नमुना देते.

मुलीचा क्लास कॉलेज रोडला. सोडायचं, दीड तास थांबायचं, परत आणायचं. घरी जाऊन येण्यात पेट्रोल आणि वेळ दोन्ही जातं, म्हणून मी गाडी बदामाच्या झाडाखाली लावते आणि सीटवर एका बाजूला बसून लिहिते. सध्याची कादंबरी निफाड-लासलगावकडची आहे, कांदा निवडणाऱ्या एका बाईची. एका संध्याकाळी वही घरी राहिली. पर्समध्ये क्लासच्या फीची पावती होती, तिच्या मागे कांदा साठवायच्या चाळीबद्दल लिहिलं: "चाळीच्या तळाला पाणी सुटलं होतं. सखूबाईनं हात घातला तो कोपरापर्यंत ओला होऊन निघाला. लाल कांदा आतून तसाच सडतो, वास येईपर्यंत कळत नाही." पुढे आणखी चार ओळी.

पावती घरी बिलांच्या तारेला लागली आणि मी विसरले. दोन महिन्यांनी क्लासची बॅच बदलली, फीमधला फरक परत मिळणार होता, तर मी तीच पावती तिथल्या खिडकीवर दिली. आतला मुलगा चोवीस-पंचवीसचा. त्यानं रक्कम बघितली, शिक्का बघितला, पावती उलटी केली आणि वाचायला लागला. माझ्या मागे रांग. मला घाम फुटला. शेवटपर्यंत वाचून तो म्हणाला, "मॅडम, हे काये?"

"गोष्ट आहे," मी म्हटलं.

"लाल कांदा चाळीत कोण भरतंय?"

मी गप्प.

"लाल टिकत नाही ओ. निघाला की मार्केटला. चाळीत भरतात तो उन्हाळ. मार्च-एप्रिलला निघतो, पात चांगली सुकवून मान कापायची, मग भरायचा. आणि तळाला पाणी एकदम नाही सुटत. आधी कोंब येतात. वास येतो. म्हातारीला कळणारच. आमच्या आजीला अंगणातून कळायचं." मागचा माणूस चुळबुळायला लागला, तरी याचं संपेना. "मग पुढं काय झालं? किती गेला कांदा?"

मी म्हटलं, अजून लिहायचंय. त्यानं पावतीची झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ पावती मला परत दिली. "ही ठेवा, तुम्हाला लागंल."

तीन कादंबऱ्यांवर आलेली सगळी परीक्षणं मी जपून ठेवली आहेत. खिडकीतल्या त्या मुलानं दोन मिनिटांत जे केलं ते त्यातल्या एकातही नाही. त्यानं मला 'हे सगळं कसं जमवता' असं विचारलं नाही. त्याला कांद्याची काळजी पडली होती. मी घरी जाऊन ते अख्खं प्रकरण फाडलं, निफाडला दोन रविवार जाऊन बसले, चाळीत हात घातला. सडलेल्या कांद्याचं पाणी नखांत बसलं की आठवडाभर जात नाही. त्या आठवड्याच्या पोळ्या नवऱ्यानं केल्या. हे मी इथे लिहिलं खरं, पण तेवढंच वाक्य चौकटीत टाकू नका.

आता नकाराचं खरं कारण. इतका वेळ मी तुमच्याशी भांडून घेतलं, पण निर्णय माझा नाही. मुलीचा आहे.

ती आता तेरा वर्षांची आहे. पाचवीत असताना ती गॅदरिंगच्या नाटकात झाड झाली होती आणि पडदा उघडल्यावर रडली होती. मी त्यावर लिहिलं, गेल्या दिवाळीत आलं. लोकांना आवडलं. तिच्या वर्गातल्या एकीच्या आईलाही आवडलं आणि तिनं ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवसापासून वर्गात हिचं नाव झाड. मला हे कळलं फेब्रुवारीत. चार महिने ती काही बोलली नव्हती.

मग एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, त्या लेखाचे तुला किती मिळाले?"

"पंधराशे ठरलेत."

"मिळाले?"

"अजून नाही."

तिनं आमटीत भात कालवला. "म्हणजे फुकट."

मी लेखकाचं स्वातंत्र्य, ललित लेखन, आपुलकीनं लिहिलेलं वगैरे सांगू लागले. १९३३ साली मालती बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' हे नाव घेऊन लिहावं लागलं, कारण बाईनं मनातलं लिहिलेलं समाजाला सोसत नव्हतं, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांनी नाव कुणाचं बदललं? स्वतःचंच ना? माझं पण बदलायचं होतंस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा वर्षं मी 'माझी लेक' असं लिहीत आले, नाव कधी घातलं नाही, तेवढ्यानं भागलं असं समजत होते. पण आमच्या शाळेत, आमच्या कॉलनीत 'माझी लेक' कोण ते सगळ्यांना माहीत असतं.

त्या रात्री तिनं वहीच्या पानावर तीन कलमं लिहून फ्रिजला लावली. एक, माझ्याबद्दल लिहायच्या आधी विचारायचं. दोन, लोक हसतील असं लिहायचं नाही. तीन, लोक रडतील असंही लिहायचं नाही.

मी विचारलं, "मग उरलं काय?"

"तुझ्याबद्दल लिही की."

यंदाच्या पाचही फोनांबद्दल मी तिला रीतसर विचारलं. पाचही वेळा नाही आलं. अठराव्या वर्षी फेरविचार करू म्हणाली.

तर तुमच्या अनुक्रमणिकेतली माझी जागा रिकामी राहू नये म्हणून दुसरं काहीतरी देते. चाळीचं प्रकरण तयार आहे. साधारण सात हजार शब्द. आता त्यात कांदा उन्हाळ आहे, आधी कोंब येतात आणि सखूबाईला वास अंगणातून कळतो. "दिवाळीत सडका कांदा?" असं तुमच्यातले निदान तिघं म्हणतील हे मी गृहीत धरलंय. ज्यांना चालेल त्यांनी १५ जुलैच्या आत कळवावं. कापायचं असेल तर आधी फोन करा, मी कापून देते. मला कापता येतं. चित्र काढून घेणार असाल तर हात दोनच ठेवा. आणि मानधन अंक बाजारात यायच्या आधी द्या, कारण या वेळी हिशेब विचारणारी घरात आहे.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
नाशिकची एक कादंबरीकार

ता. क. : हे पत्र पाठवण्याआधी मुलीला वाचायला दिलं. झाडाचा किस्सा राहू दे म्हणाली, "आता सगळ्यांना माहीतच आहे." तापाचा परिच्छेद तिनं दोनदा वाचला. तो तिला ठाऊक नव्हता, तुमच्या अंकात आलाच नव्हता ना. त्यावर काही बोलली नाही. आणखी एका जागी मात्र तिनं दोन ओळींवर रेघ मारली. त्या ओळी चांगल्या होत्या.